नुसतं पाणी

केळशीला जायचं ठरलं ते भाच्यामुळे. मला मुरूड-हर्णै चाललं असतं. म्हणजे नसतंच चाललं, कारण सुट्टीच्या दिवशी तिथे घोडागाड्या, पॅरासेलिंग आणि वाळूत रुतलेल्या पुण्याच्या गाड्या यांच्यातून समुद्र शोधावा लागतो. (गाडी आमचीही पुण्याचीच, पण आम्ही ती सुरूच्या बनात लावतो.) भाच्याला मात्र लांबलचक, मोकळा आणि शक्यतो माणूस नसलेला किनारा हवा होता. त्याला ड्रोन उडवायचा होता.

ड्रोन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लग्नात डोक्यावर भुणभुणणारी ती पांढरी चीज येते. हा तसला नव्हता. कार्बन फायबरचा सांगाडा, सात इंची पंखे, उघड्या वायरी आणि वर काळ्या टेपने बांधलेली बॅटरी. दोन महिने रात्री जागून, सोल्डरिंगच्या धुराने घर भरवून घरीच जोडलेला. वजन आठशे ग्रॅम. अडीचशे ग्रॅमच्या वर गेला की नोंदणी लागते, म्हणून अंगावर नंबरही चिकटवलेला. त्याच्या एका बॅटरीच्या किमतीत आमचं दोन रात्रींचं राहणं-जेवण झालं असतं, आणि जेवणात मोदक होते.

पहिला दिवस ताम्हिणी, गाडी लागणं आणि कुळथाचं पिठलं यात संपला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला किनाऱ्यावर. फेब्रुवारीतली थंडी, पाठीमागून, म्हणजे गावाकडून, येणारा गार वारा आणि चहा नाही. भाच्याने प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, डोळ्यांवर तो डबा, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसतं ते दाखवणारा गॉगल, चढवला आणि मला हुकूम सोडला, "मामा, तू किनाऱ्याने पुढे जाऊन उभा राहा. ड्रोन कायम कुणाच्या तरी नजरेत हवा." त्याचा मित्र मधल्या टप्प्यावर, मी शेवटच्या. मी ओल्या वाळूतून वीस मिनिटं चाललो. मग डोक्यावरून एक माशी गेली, थोडं पुढे जाऊन वळली आणि परत गेली. फोनवर "दिसला" म्हणालो. मीही परत वीस मिनिटं चाललो. छंद त्याचा, तंगडतोड माझी.

म्हणून दुसऱ्या बॅटरीच्या फेरीला मी साफ नकार दिला. जादाचा गॉगल होता, तो लावून त्याच्या शेजारी वाळूत बसलो. पुढे जे झालं त्याचं मूळ हे असं माझ्या आळसात आहे.

गॉगल लावल्यावर पहिली दोन मिनिटं मी दोन्ही हातांनी वाळू घट्ट धरून ठेवली होती. ड्रोन कलला की अंग कलतं. खाली भारजा नदीच्या खाडीचं तोंड, वाळूच्या दांड्यावर फुटणारी लाट, पाण्यात हिरव्याचा निळा होण्याची जागा. भाचा तिथे सावकाश घिरट्या घालत राहिला, दहा मिनिटं तरी. तेवढ्यात क्षितिजाकडे एक होडी दिसली आणि मी म्हणालो, "ती कुठे चालली असेल रे?"

बस. एवढंच म्हणालो.

मागे जाळं निवडत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गॉगलमुळे दिसले नाहीत, आवाज तेवढा आला. "मतलई हाय. न्हेईल ती. आनील कोन?"

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे दोन मार्कांना यायचे. रात्रीतून जमीन समुद्रापेक्षा जास्त गार होते आणि वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापली की उलट. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर जात आणि दुपारी खाऱ्यावर घरी येत. पण त्यांच्या हातात अख्खा दिवस असायचा. ड्रोनकडे वीस-पंचवीस मिनिटं असतात, तेवढ्यात वारा फिरत नाही. त्यामुळे लांब उडवणाऱ्यांचा नियम बरोबर उलटा: आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, परतताना वारा पाठीशी घ्यायचा. हे सगळं मला भाच्याने नंतर समजावलं. आदल्या रात्री पडवीत बसून त्याने मित्राला हेच शिकवलं होतं म्हणे.

होडीकडे जाताना गॉगलच्या पडद्यावर वेग ताशी ऐंशी किलोमीटरचा. तीन मिनिटांत अंतर ४ किलोमीटर. होडी अजून लांबच. वळला, आणि वेग चाळीस.

"शी," भाचा म्हणाला. मग बराच वेळ काहीच बोलला नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, बॅटरीतल्या एका सेलमागे किती व्होल्ट उरले त्याचा. भरलेला सेल ४.२. आता ३.२ होता आणि किनारा म्हणजे धुरकट रेघ. पोटात खड्डा पडला, खरंच. मी ओल्या वाळूवर बसलोय, माझं काहीएक जाणार नाहीये, हे डोक्याला कळत होतं. पोट ऐकत नव्हतं.

त्याने ड्रोन खाली घेतला. शंभर मीटरवरून पन्नास, तीस, मग पाण्याला लागून. पाण्याजवळ वाऱ्याचा जोर कमी असतो, वेग छप्पन्नवर आला. पण इतक्या खाली चित्र तुटायला लागतं, कारण समोरून येणारा सिग्नल पाण्याला घासत येतो. मध्येच सगळे चौकोन. मध्येच गोठलेली एकच लाट. संपर्क पूर्ण गेला तर ड्रोन आपण होऊन घरी निघतो, मी म्हटलं चला, सोय आहे. भाचा दातांतल्या दातांत पुटपुटला, "तो आधी वर चढतो, मामा." वर म्हणजे पुन्हा त्याच वाऱ्यात. यंत्राला वाचवायची जी युक्ती, तीच त्या दिवशी बुडवणार होती. म्हणजे संपर्कही सोडायचा नाही आणि वरही जायचं नाही, या दोन्हींच्या मधल्या फटीतून तो ते धूड आणत होता. दोन्ही अंगठे भाताचं शीत चेपून बघावं तेवढेच हलत होते.

३.०. २.९. मग पंख्यांची घरघर कानांनी ऐकू आली आणि मी गॉगल काढला. लाटांच्या पांढऱ्या पट्ट्यावरून, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तो आला आणि आमच्यापासून पन्नास पावलांवर ओल्या वाळूत तोंडावर पडला. बॅटरी हाताला चटका लागेल इतकी तापली होती. जाळंवाले काका निघून गेले होते. निकाल बघायलाही थांबले नाहीत.

भाच्याचे हात थरथरत होते आणि तो वेड्यासारखा हसत होता. मी मामा म्हणून ओरडायला हवं होतं. नजरेआड न्यायचा नाही हा नियम त्याचाच, वारा बघायचा हाही त्याचाच. पण त्या होडीचं नाव मीच काढलेलं, त्यामुळे तोंड कुठल्या तोंडाने उघडणार? मी म्हटलं, "चहा घेऊ."

मग वेळासची कासवं झाली. हर्णैला सुवर्णदुर्ग समोर दिसत असूनही, संरक्षित वास्तू म्हणून, ड्रोन मुकाट पिशवीत राहिला. रविवारी परत, वाटेत दोन तास ट्रॅफिक.

पुण्यात आल्यावर ताईने हौसेने टीव्हीवर रेकॉर्डिंग लावलं. मला वाटलं होतं किनारा, खाडी, दांडा, काहीतरी बघण्यासारखं असेल. किनारा पहिल्या बॅटरीत होता, ती फाईल उघडलीच नाही. दुसरीत खाडी आणि दांडा मागे पडले की पाणी, मधून मधून चौकोन, पुन्हा पाणी.

"यात बघायचं काय रे?" ताई म्हणाली. "नुसतं पाणी."

"थांब ना, आता बघ," भाचा म्हणाला. कोपऱ्यात ३.० झाले होते. मीही सोफ्यावर पुढे सरकून बसलो.