न्यू हॅम्पशायरची गाडी, न्यू जर्सीचा टॅक्स

न्यू हॅम्पशायरमध्ये सेल्स टॅक्सच नाही म्हटल्यावर मी खुशीत तिथून २०,००० डॉलरची सेकंडहँड गाडी घेऊन आलो, वाटलं हजारभर डॉलर तरी वाचले. कसलं काय! न्यू जर्सीत टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, नावावर करायला गेलो तर खिडकीतल्या बाईंनी किंमत बघून शांतपणे कॅल्क्युलेटर दाबला, ६.६२५ टक्के, म्हणजे १,३२५ डॉलर. गाडी कुठे घेतली ते सोडा, रजिस्टर जिथे करणार तिथला टॅक्स लागतो. दुसऱ्या राज्यात आधीच भरला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, फरक तेवढा द्यायचा, पण पावती हवी. माझ्याकडे पावती कुठली, शून्याची? वर गॅस आणि टोलचे पैसे गेले ते वेगळेच.