अण्णांचे ९० दिवस आणि आईचे

आमचे अण्णा फरशी मिस्त्री. पंचवीसेक वर्षं झाली, कुठल्या कंपनीत नाहीत, कुठल्या एका ठेकेदाराकडे कायम नाहीत, कुणी बोलावलं की जायचं, उक्तं ठरलं तर उक्तं नाहीतर रोजावर. कधी अख्ख्या घराची फरशी, कधी नुसतं एक बाथरूम, कधी फक्त ओट्याचा कडाप्पा बदलायचा. पावसाळ्यात दोन-दोन आठवडे घरी. धाकटा भाऊ अकरावीला गेला तेव्हा कळलं की राज्य सरकारच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी असली तर मुलांच्या अकरावी-बारावीला दरवर्षी १०,००० मिळतात. नोंदणीची फी तेव्हा १ रुपया होती. वय १८ ते ६० मध्ये पाहिजे, आधार, फोटो, बँक पासबुक, हे सगळं होतंच की घरात. अडलं ते एका कागदापाशी, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला.

हा दाखला ठेकेदार देतो, नाहीतर गावात ग्रामसेवक आणि शहरात नगरपालिका-महापालिका. फॉर्मवर मालकाचं नाव, कामाचं ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत. ज्याचा एकच ठेकेदार आहे त्याचं हे पाच मिनिटांत होतं, पण अण्णांचे त्या वर्षातले मालक अकरा होते, आणि त्यातला एकही बिल्डर नाही, सगळे आपले घरमालक. त्यांनी काय लिहून द्यायचं? तालुक्याला एक एजंट म्हणाला, ताई कशाला डोक्याला ताप, दीड हजार द्या, संध्याकाळी सही-शिक्क्यासकट दाखला हातात. अण्णा तिथेच उठले. पंचवीस वर्षं गुडघ्यावर बसून फरशी लावलेल्या माणसाने काम केल्याचा खोटा कागद विकत घ्यायचा, मला आजही त्याचा राग येतो.

मग ग्रामसेवकांकडे गेलो. ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही काम करता हे मला माहितीये, पण ९० दिवस केलं हे मी कशावरून लिहू? उद्या चौकशी लागली तर सही माझी आहे." तेव्हा वाईट वाटलं पण त्यांचं चूक नव्हतं. खोटे दाखले घेऊन नोंदणी केलेले इतके आहेत की खऱ्या माणसाकडेही आधी संशयानेच बघतात.

घरी आल्यावर मी अण्णांची डायरी काढली. सिमेंटच्या दुकानातून दिवाळीला मिळते ती, खिशात मावणारी, कडा ग्राउटने पांढऱ्या झालेल्या. ती त्यांनी सरकारसाठी नाही लिहिलेली, उचल किती घेतली आणि राहिले किती एवढ्यासाठीच. पण त्यात रोजचा दिवस होता. "शाळेमागचं घर, हॉल." "तेच, स्कर्टिंग." "अर्धा." "पाऊस." "लाईट नाही, कटर बंद." दोन रात्री बसून मी सगळं वहीत उतरवलं, कुठल्या घरी किती दिवस. एकूण १३७ भरले. त्यातली बरीच कामं शेजारच्या गावांतली होती, आणि आपले ग्रामसेवक आपल्या हद्दीपुरतंच लिहिणार, म्हणून आपल्या गावातली चार घरं वेगळी काढली. २६, १९, ३४ आणि १५, म्हणजे ९४. "अर्धा" लिहिलेले दिवस मी त्यात धरलेच नव्हते.

मग त्या चारही घरी जाऊन साध्या कागदावर लिहून आणलं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत फरशीचं काम केलं, खाली सही आणि फोन नंबर. सोबत फोनपेवर आलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट, फरशीच्या दुकानाची दोन बिलं आणि अण्णांनी काम दाखवायला काढलेले फोटो, त्यांची तारीख मोबाईलमध्ये असतेच. हे सगळं बघून ग्रामसेवक भाऊसाहेबांनी समोरच दोन घरमालकांना फोन लावला, आणि दाखला दिला. जावक क्रमांक आणि तारीख पडलीये का ते तिथेच बघून घ्या, ऑनलाईन अर्जात तो भरावा लागतो आणि नसला तर परत हेलपाटा.

अण्णांचं झालं. आईचं नाही झालं.

आई त्यांच्यासोबतच जाते. माल कालवते, फरशी उचलून देते, पाणी धरते, रात्री फरशीचे सांधे भरायलाही तीच बसते. पण डायरी अण्णांची. तिचा पत्ता कुठे होता, तर काही तारखांपुढे छोटं "दो." लिहिलेलं, म्हणजे दोघं, कारण त्या दिवशी मजुरी दोघांची मिळाली. गावातले असे दिवस मोजले तर ७१. मला माहीत होतं की ती यापेक्षा कितीतरी जास्त गेलीये. शाळेमागच्या घराच्या प्लास्टरला आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला तीच जायची, पण ते "जाता जाता" म्हणून, वेगळे पैसे नाहीत, मग डायरीत नाव नाही. उक्त्या कामात तर बायकोची मजुरी वेगळी निघतच नाही, आकडा एकच आणि तो मिस्त्रीच्या नावावर. १९ दिवस कमी पडले. ती म्हणाली, जाऊ दे, एकाचं झालं ना. मला नाही जाऊ द्यावंसं वाटलं. ती रोज घरी येते तेव्हा तिच्याही नखांत सिमेंट असतं.

हे पैसे कुणाची मेहेरबानी नाहीत हेही सांगते. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतात, त्यातून मंडळाचा निधी होतो, १९९६ च्या कायद्यापासून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले, पण ९० दिवसांची अट त्यातही आहे, म्हणजे हिशोब ठेवल्याशिवाय सुटका नाही. आणि जुन्या कायद्यात एक गोष्ट होती जी मला कुणीच सांगितली नव्हती, नोंदणी झालेला माणूस कामावर अपघात होऊन घरी बसला तर ९० दिवसांच्या हिशोबात तो काळ त्याच्या विरोधात मोजायचा नाही. अण्णांना कटर लागून ते वीस दिवस घरी होते त्या वर्षी, आणि दवाखान्याचा कागद आम्ही फेकून दिला होता. तुम्ही नका फेकू.

नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी असतं आणि दाखला पुन्हा नवीन लागतो. यावेळी डायरीच्या प्रत्येक पानावर मी मधोमध रेघ मारून दिलीये. डावीकडे अण्णा, उजवीकडे आई. काम संपलं की त्याच दिवशी घरमालकाची सही, सहा महिन्यांनी मागायला गेलं की तारखा कुणाला आठवत नाहीत. आई दुसरीपर्यंत शिकलेली, तिला लिहायला वेळ लागतो. काल तिने स्वतः लिहिलं, "पानी मारलं, दोनदा." आजपर्यंत उजवीकडे ५८ झालेत.