लॅब्रेडॉरसाठी प्रीमियम ड्राय फूड निवडताना - माझा अनुभव

आमची रॉक्सी लॅब, म्हणजे लॅब्रेडॉर कुत्री आहे, स्पे (नसबंदी) झाल्यापासून वजन चढायला लागलं होतं, डॉक्टरांनी २५ किलोवर आणायला सांगितलं म्हणून फूड बदलायचं ठरवलं. दुकानात रॉयल कॅनिन, फार्मिना, अकाना, ओरिजेन सगळ्या बॅगा ओळीने, दुकानदार म्हणतो ग्रेन फ्रीच (धान्य नसलेलं) घ्या, सोसायटीतले म्हणतात पहिला घटक चिकनच पाहिजे, कोणाचं ऐकायचं?

मी सगळ्या बॅगांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून आणले आणि घरी निवांत वाचत बसले. घटकांची यादी शिजवण्याआधीच्या वजनाने असते आणि ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे चिकन पहिलं आणि चिकन मील (शिजवून वाळवलेली चिकनची पूड) दुसरं असलं तरी किबलमधलं, म्हणजे तयार कोरड्या दाण्यांमधलं, जास्त प्रोटीन मीलमधून आलेलं असू शकतं. मील दिसलं की नाक मुरडायचं काही कारण नाही.

ग्रेन फ्रीचा विषय मात्र मी सीरियसली घेतला. अमेरिकेत एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) जुलै २०१८ मध्ये सांगितलं होतं की मटार, मसूर, बटाटा जास्त असलेलं, म्हणजे बहुतेक ग्रेन फ्री, फूड खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये डीसीएम, म्हणजे हृदय मोठं होऊन कमजोर पडण्याचा आजार, याच्या तक्रारी आल्यात. कारण अजून सिद्ध नाही, डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी नियमित अपडेट देणंही थांबवलं. पण रॉक्सीला धान्याचा काही त्रास नाही मग उगाच कशाला, म्हणून ते बाजूला काढलं. फार्मिनाचं स्पेल्ट (गव्हाचा एक जुना प्रकार) आणि ओट्सवालं लिस्टमध्ये राहिलं.

खरा निकाल लागला कॅलरीवर. डॉक्टरांनी हिशोब शिकवला: वजनाचा घन करा, दोनदा वर्गमूळ काढा, ७० ने गुणा. २५ किलोला दिवसाला साधारण ७८० कॅलरी येतात. स्पे झालेल्या नॉर्मल कुत्रीला याच्या १.६ पट म्हणजे १२५० लागतात पण वजन उतरवायचं असेल तर ७८० पासूनच सुरुवात. आता किलोला ३९०० कॅलरी असलेलं हाय प्रोटीन फूड घेतलं तर दिवसभरात फक्त २०० ग्रॅम, आणि लॅबला २०० ग्रॅम म्हणजे काहीच नाही हो! ही जातच खादाड, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमध्ये बदल असतो आणि त्यांना भूक जास्त लागते. शिवाय साधं फूड एवढं कमी केलं की व्हिटॅमिन-मिनरलही कमी पडू शकतात, वजन उतरवायच्या फूडमध्ये ती त्या हिशोबाने जास्त घातलेली असतात.

शेवटी डॉक्टरांना विचारून रॉयल कॅनिनचं सॅटायटी हे वजन उतरवायचं फूड घेतलं. फायबर जास्त, कॅलरी किलोला ३००० च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच कॅलरीत २६० ग्रॅम येतं. रोज किचनच्या काट्यावर मोजते, कपाने अजिबात नाही, कप भरताना हात सैल सुटतोच. आधीच्या फूडमध्ये थोडं थोडं मिसळत आठवडाभरात पूर्ण बदललं, पोट बिघडलं नाही. आणि किंमत बघताना किलोचा भाव बघू नका, दिवसाला किती ग्रॅम लागणार त्याने गुणून बघा, बॅगांचा क्रमच बदलतो. पावसाळ्यात मोठी बॅग घेत नाही, दमट हवेत उघडी बॅग लवकर खवट होते, छोटी आणायची आणि बॅगेसकट हवाबंद डब्यात ठेवायची.