ही'ज गॉट अ स्कूटर

आमच्या शाळेत पेपर तपासून झाले की एकमेकींच्या गठ्ठ्यातले थोडे काढून परत बघायचे असतात. बहुतेकजणी नुसती सही मारतात. मी बघते, म्हणून स्टाफरूममध्ये मी फारशी लाडकी नाही.

परवा नववीच्या इंग्लिशच्या गठ्ठ्यात एका पोरीने लिहिलेलं, 'ही'ज गॉट अ स्कूटर'. गॉटवर लाल काट, अर्धा मार्क गेला, आणि शेजारी मॅडमच्या अक्षरात 'ही'ज अ स्कूटर'. म्हणजे तो माणूसच स्कूटर! आणि त्याच गठ्ठ्यात 'हॅव यू फिनिश्ड?' ला एकाने लिहिलंय 'येस, आय'व्ह', त्याला मस्त टिक.

विचारलं तर म्हणाल्या, अगो गॉट बोलण्यात ठीक, पेपरात नको, आणि 'आय हॅव'चं 'आय'व्ह', 'ही हॅज'चं 'ही'ज' हे शॉर्ट फॉर्म आपणच शिकवलेत ना. शिकवलेत, पण भिंतीवर तक्ता लावून. हॅव दोन कामं करतं हे त्या तक्त्यात कुठेच नसतं. 'आय'व्ह सीन इट' मध्ये ते नुसतं मदतीला आलेलं, तिथे बिनधास्त आखूड करा. पण जवळ काय आहे हे सांगायचं तर तेच मुख्य क्रियापद, तिथे ब्रिटिश माणूस एखादवेळी 'आय'व्ह अ हेडेक' म्हणेल, अमेरिकन सहसा नाहीच, आणि 'ही'ज' केलं की ऐकणारा 'ही इज'च समजतो, म्हणून तर गॉट लागतं, ते आलं की हॅव परत मदतीचं होतं. आणि वाक्याच्या शेवटी हॅववर जोर येतो, जोराचा शब्द गिळणार कसा? 'येस, आय'व्ह' मोठ्याने म्हणून बघा, पुढे काहीतरी राहिलंय असंच वाटतं. 'नो, आय हॅवन्ट' मात्र चालतं, त्यावर पोरं दरवर्षी भांडतात आणि मला ती भांडणारी पोरंच आवडतात.

ह्या स्कूटरवाल्या पोरीचा काका इंग्लंडमध्ये स्विंडनला, तिथे आपले गोंयकार भरपूर, चुलतभावंडांशी फोनवर बोलून बोलून तिने ते उचललेलं. बाकीची इथे गोव्यात चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणीतून शिकून पाचवीत एकदम इंग्लिशमध्ये पडतात, त्यांना तो तक्ताच मिळतो.

अर्धा मार्क मिळाला परत. टिक तशीच राहिली, आता खोडली तर पालक येतील म्हणे. आणि पोरगी मला सांगते, "टीचर, आता मी सगळीकडे ही हॅजच लिहिणार, मग कोण कापणार नाही." व्याकरणात बसतंय, नको तरी कसं म्हणू?