कोळशावर टॅक्स लावा, पण पैसा कुठे गेला ते दाखवा

पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत 300, तो प्रोफेशनल टॅक्स मुळात कशासाठी लागला हे मी ऑफिसमधल्या नव्या मुलांना विचारते तेव्हा कुणालाच सांगता येत नाही, आणि येणार कसं, स्लिपवर तसं कुठे लिहिलेलं असतं. 1972 च्या दुष्काळाच्या सुमाराला विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्यासाठी पैसा पाहिजे म्हणून 1975 ला हा टॅक्स आला. म्हणजे मुंबईत पंख्याखाली बसून काम करणाऱ्या पगारदाराच्या खिशातून थोडे पैसे काढायचे, जेवढे जमतील तेवढीच भर सरकारने स्वतःची घालायची, आणि त्यातून दुष्काळी भागातल्या बाईला रस्त्याच्या, बंधाऱ्याच्या कामावर मजुरी द्यायची. पुढे या फंडातला पैसा शिल्लक पडून राहतो अशा तक्रारी झाल्याच, पण टॅक्स कुठून घ्यायचा आणि कुणासाठी हे इतकं स्पष्ट ठरवून आपल्या राज्याने एकदा करून दाखवलंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

हे सगळं आठवायचं कारण कार्बन टॅक्स, म्हणजे कोळसा, पेट्रोल जाळून जो कार्बन हवेत जातो त्याच्यावरचा टॅक्स. मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे टॅक्स म्हटलं की लोक आधी मलाच धरतात, आणि कार्बन टॅक्सचं नाव काढलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "अजून एक टॅक्स?" पण मूळ कल्पना अजून एक टॅक्स अशी नाहीच आहे. धूर महाग करायचा आणि त्यातून जे येईल त्यातून दुसरा कुठला तरी टॅक्स कमी करायचा, अशी ती अदलाबदल आहे. आज आपण माणसाच्या कामावर टॅक्स घेतो, छोट्या उद्योगाच्या मालावर घेतो, म्हणजे जे वाढायला पाहिजे त्याच्यावर, आणि जे कमी व्हायला पाहिजे त्या धुराचा खर्च कुणाच्याच बिलात येत नाही. दमेकऱ्याच्या औषधात येतो, पावसाने बुडालेल्या घरात येतो, पण बिलात नाही.

फिनलंडने 1990 ला हा टॅक्स लावला, जगात पहिल्यांदा. पाठोपाठ 1991 ला स्वीडन. स्वीडनने कार्बन डायऑक्साइडच्या टनाला साधारण 250 क्रोनपासून (क्रोन हे तिथलं चलन) सुरुवात केली, त्याच सुधारणेत इन्कम टॅक्स चांगलाच खाली आणला, आणि मग दर हळूहळू चढवत नेला, आता तो 1000 क्रोनच्या वर आहे. तिथली अर्थव्यवस्था वाढत राहिली आणि उत्सर्जन खाली आलं. जर्मनीने 1999 पासून इंधन आणि विजेवरचा टॅक्स वाढवला आणि त्यातला बराचसा पैसा पेन्शनच्या वर्गणीत घातला, म्हणजे माणूस कामावर ठेवणं मालकाला स्वस्त पडावं.

आणि जिथे ही अदलाबदल लोकांना दिसली नाही तिथे काय झालं तेही बघा. फ्रान्समध्ये 2018 ला इंधनावरचा टॅक्स वाढत होता आणि त्याच सुमाराला श्रीमंतांवरचा संपत्ती कर बराचसा काढून टाकला, गावाकडचे लोक पिवळी जॅकेट घालून चौकात उतरले, सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. मला ते लोक चुकले असं अजिबात वाटत नाही. कॅनडात तर पैसे थेट खात्यात परत येत होते, तरी पंपावरचा भाव रोज दिसायचा आणि खात्यातली जमा कुणाच्या लक्षात राहायची नाही, शेवटी एप्रिल 2025 ला ग्राहकांवरचा तो टॅक्स काढावा लागला.

आपल्याकडे काय? आपल्याकडे हे झालेलं आहे, फक्त त्या नावाने नाही. 2010 च्या बजेटमध्ये कोळशावर टनाला 50 रुपये सेस लागला, 2016 पर्यंत तो 400 झाला. सांगितलं होतं की हा पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी. जीएसटी येईपर्यंत सुमारे 86 हजार कोटी जमले, त्यातले 30 हजार कोटीसुद्धा स्वच्छ ऊर्जेसाठी काढलेल्या फंडात पोचले नाहीत, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना त्याहून कितीतरी कमी मिळाले. 2017 नंतर तोच 400 रुपये राज्यांना जीएसटीची नुकसानभरपाई द्यायला वापरला. मग 22 सप्टेंबर 2025 पासून सेस गेला आणि कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के झाला.

वरवर बघितलं तर एक गेलं आणि दुसरं आलं, फरक काय? हिशेबाने बघितलं तर फरक मोठा आहे. टनाला ठरलेली रक्कम असली की स्वस्त, जास्त राखेच्या कोळशालाही तेवढीच लागते, म्हणजे किमतीच्या मानाने त्याला जास्त बसते. टक्क्यात टॅक्स घेतला की उलटं, महाग आणि चांगल्या कोळशाला जास्त, हलक्याला कमी. म्हणजे आपण आता कोळशाच्या किमतीवर टॅक्स घेतोय, त्याच्या धुरावर नाही. ही गोष्ट बदललीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दुसरं एक जवळून बघितलेलं. वसईला आमचे एक क्लायंट आहेत, नट-बोल्ट बनवतात, युरोपला माल जातो. तिकडच्या खरेदीदाराने एक भलीमोठी एक्सेल शीट पाठवली, भट्टीला गॅस किती लागला, रॉडचं स्टील कुठल्या कारखान्यातलं, ते कसं बनवलं, टनामागे कार्बन किती. मालक काका शीट पुढ्यात घेऊन मला विचारतात, "मॅडम, हे आपल्याला का विचारतायत?" कारण युरोपने 2026 पासून आयात होणाऱ्या स्टील, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालावर कार्बनची किंमत लावायला सुरुवात केलीय. त्यात एक कलम आहे, माल जिथे बनला तिथे कार्बनसाठी पैसे भरलेले असतील तर तेवढे वजा होतात. म्हणजे आपण नाही घेतले तर ते तिकडे भरले जाणार, आणि तो भार खरेदीदार फिरून काकांच्याच भावात घालणार. तोच पैसा इथे जमला असता तर इथल्याच कुणाच्या उपयोगी पडला असता. 2023 ला आपली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम आलीय, म्हणजे ठरवून दिल्यापेक्षा कमी धूर सोडणाऱ्याने क्रेडिट विकायचं आणि जास्त सोडणाऱ्याने ते विकत घ्यायचं, चांगलं पाऊल आहे, पण ती मोठ्या कारखान्यांपुरती, आणि वीज बनवणारी कोळशाची केंद्रं त्यात घेतलेलीच नाहीत.

स्वीडनचं तसंच्या तसं इथे चालणार नाही हे मलाही कळतं. आपल्याकडे इन्कम टॅक्स भरणारेच थोडे, तो कमी केला तर फायदा माझ्यासारख्यांना, कामवाल्या मावशींना काय? त्यांचं लाईट बिल तर वाढणारच. त्यामुळे पैसा परत द्यायचा तर रोजच्या वस्तूंवरच्या जीएसटीतून आणि थेट खात्यातून. लाडकी बहीणचे 1500 रुपये राज्यभर बायकांच्या खात्यात जातात, म्हणजे पोचवायची व्यवस्था तयार आहे.

आणि एक वाटा चंद्रपूरला. आपले एसी ज्या विजेवर चालतात त्यातली बरीचशी चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या कोळशावर बनते, राख तिकडे पडते आणि गारवा आपल्याला. उद्या खाणी, केंद्रं कमी झाली तर नोकरीही तिथल्याच माणसाची जाणार. पागेंचा हिशेब इथे तंतोतंत लागू पडतो, शहराने भरायचं आणि ज्याचं काम जाणार त्याच्या नव्या कामाची हमी द्यायची, कायद्याने, भाषणात नाही.

बजेटच्या आधी सरकार मायगव्ह या आपल्या वेबसाइटवर लोकांच्या सूचना मागवतं. मी या वेळी तीन गोष्टी लिहून पाठवणार आहे: कोळशावर टक्क्यात नाही तर कार्बनच्या टनावर टॅक्स, पुढच्या दहा वर्षांचे दर आजच जाहीर, आणि लाईट बिलावर एक वेगळी ओळ, तुमच्याकडून इतके घेतले आणि तुमच्या खात्यात इतके परत गेले. पटलं तर तुम्हीही पाठवा, मराठीत लिहिलंत तरी चालेल.