साधा दोलक आणि वीस दोलनं

शाळेच्या प्रयोगशाळेनं दिलेल्या शिदोरीत मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो तो साध्या दोलकाचा प्रयोग. स्टँड, दोरा आणि पितळी गोळा एवढंच सामान. पण बल, गती आणि ऊर्जा तिन्ही त्यात डोळ्यांसमोर दिसतात. आज ज्यांच्या प्रयोगवहीत तो आहे, त्या मुलांसाठी हे लिहितो आहे.

दोरा दांडीला गाठ मारून टांगू नका. गाठीपाशी तो दांडीवर थोडा गुंडाळतो, थोडा उलगडतो आणि लांबी बदलत राहते. बूच उभा चिरून त्याच्या दोन फाकांमध्ये दोरा धरा आणि चिमट्यात आवळा. लांबी मोजायची ती बुचाच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत.

1 मीटर दोऱ्याला गोळा 8-9 सेंटिमीटरच बाजूला घ्या, म्हणजे कोन 5 अंशांच्या आसपास राहतो. 30 अंशांवरून सोडलात तर दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण येरझारीला लागणारा वेळ, पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. गोळा ढकलू नका, नुसता सोडा; नाहीतर तो लंबवर्तुळात फिरू लागतो.

वेळ मोजायची ती मधल्या रेषेवर. टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका कधी वळला ते कळत नाही. मध्ये त्याचा वेग सर्वाधिक असतो, त्यामुळे रेषा ओलांडल्याचा क्षण स्पष्ट दिसतो. 5 अंशांवर गोळा जेमतेम 4 मिलिमीटर वर चढलेला असतो. तेवढ्या स्थितिज ऊर्जेतून खाली येताना त्याला सेकंदाला सुमारे 27 सेंटिमीटर वेग मिळतो.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. टोकाला वेग शून्य, म्हणून बलही शून्य, असं उत्तरपत्रिकेत सर्रास लिहिलं जातं. खरं तर गोळ्याला मध्याकडे खेचणारं बल तिथेच सर्वांत जास्त असतं. म्हणून तर तो परत फिरतो. बल वेग ठरवत नाही, वेगातला बदल ठरवतं. हे एकदा पटलं की न्यूटनचा दुसरा नियम पाठ करावा लागत नाही.

1 मीटरला एक दोलन साधारण 2 सेकंदांचं. बोटाची 0.2 सेकंदाची चूक एका दोलनावर 10 टक्के होते, वीस दोलनांवर फक्त अर्धा टक्का. मोजणी ‘शून्य’पासून सुरू करा. घड्याळ सुरू करताना ‘एक’ म्हटलंत तर मोजली जातात 19 दोलनं, आणि या प्रयोगातून जे काढायचं ते गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) 9.8 ऐवजी 10.9 च्या घरात येतं. असा आकडा दिसला की आधी मोजणीच तपासा.

गोळ्याची त्रिज्या लांबीत धरायची राहिली, तरी सगळी वाचनं खोडू नका. वेगवेगळ्या लांब्यांसाठी दोलनकालाच्या वर्गाचा आलेख काढा. रेषा आरंभबिंदूतून जाणार नाही, पण तिचा चढ तोच राहील, त्यामुळे त्वरणही बरोबरच येईल. शिवाय ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जिथे छेदते, ते अंतर म्हणजे राहून गेलेली त्रिज्या.