उत्तर १०० आलं की पूर्ण गुण

पदार्थविज्ञानाच्या पेपर-तपासणीत मॉडरेटर म्हणून बसलं की दिवस जातो बेरजा जुळवण्यात आणि परीक्षकाने न पाहताच उलटलेली पानं शोधण्यात. परवा मात्र एका उत्तरपत्रिकेने मला अडवलं, आणि तो हिशेब अजून डोक्यातून जात नाही.

प्रश्न असा: २० अंश उत्तर अक्षांशावर एक हरिकेन, म्हणजे चक्रीवादळ, आहे. केंद्रापासून ५०० किलोमीटरवर वारा सेकंदाला १० मीटर वेगाने केंद्राभोवती फिरतो. कोनीय संवेग (ढोबळमानाने त्रिज्या गुणिले वेग) अक्षय्य मानून ५० किलोमीटरवरचा वेग काढा. नमुना उत्तर दोन ओळींचं: त्रिज्या दहापट कमी, म्हणून वेग दहापट जास्त, १०० मीटर. म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. २०१५ च्या पॅट्रिशिया हरिकेनमध्ये ताशी ३४५ किलोमीटरचा वारा नोंदला गेलाय, त्यामुळे हा आकडा कुणाला खटकलाच नाही.

या विद्यार्थ्याचं उत्तर आलं होतं २२४. लाल फुली, शून्य गुण.

त्याने अक्षांश वापरला होता! ती हवा वादळाभोवती फिरते तशी पृथ्वीबरोबरही फिरते, तेव्हा तोही संवेग धरायला हवा. पृथ्वीचं फिरणं त्या अक्षांशावर किती जाणवतं ते सांगणारा कोरिऑलिस गुणक २० अंशांवर साधारण ०.००००५. त्याच्या निम्म्याला ५०० किलोमीटरच्या वर्गाने गुणलं की एस. आय. एककांत, दर किलो हवेमागे, ६२.५ लाख येतात. वाऱ्याचा स्वतःचा वाटा ५० लाख. म्हणजे नमुना उत्तराने जे सोडलं, ते घेतलेल्यापेक्षा मोठं. बेरीज ११२.५ लाख, भागिले ५० हजार मीटर, २२५, त्यातून ५० किलोमीटरवरचा पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा, सव्वा मीटर, वजा. ताशी ८०० किलोमीटरच्या वर. खाली पेन्सिलीने लिहिलेलं: 'एवढा वारा शक्य नाही. समुद्राच्या घर्षणात संवेग जात असणार.'

जातोच. पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं हरिकेन ताशी २५२ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला ७० मीटरला सुरू होतं. ५० किलोमीटरवर तेवढा वारा असेल तर संवेग उरतो जेमतेम ३५.६ लाख. दोन तृतीयांशांहून जास्त वाटेतच समुद्राने काढून घेतला. वेग वाढेल तशी पाण्याची ओढ त्याच्या वर्गाने वाढते, त्यामुळे आत येणाऱ्या हवेला ही वसुली चुकवता येत नाही. नमुना उत्तराने पृथ्वीही सोडली आणि समुद्रही. एकाने आकडा खाली ओढला, दुसऱ्याने वर चढवला, आणि १०० शहाण्यासारखं दिसू लागलं. असली उत्तरं मला साफ चुकलेल्या उत्तरांपेक्षा धोकादायक वाटतात.

मुख्य परीक्षक म्हणाले, "सर, कोरिऑलिस अभ्यासक्रमात नाही. अक्षांश नुसता माहितीपुरता दिलाय."

मी मोबाइलवर एक उपग्रहचित्र काढलं. उत्तर गोलार्धात हरिकेन घड्याळाच्या उलट फिरतं, पण माथ्यावरून बाहेर पसरणारे पिंजलेले ढग दूर जाऊन घड्याळाच्या दिशेने वळतात. नुसता त्रिज्या गुणिले वेग स्थिर धरला तर वारा मंदावेल, उलटा कधीच फिरणार नाही. पृथ्वीचा वाटा धरला की फिरतो: तेच ३५.६ लाख घेऊन वर गेलेली हवा पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास शून्यावर येते आणि पुढे उलटी वळते. तिथे वर घासायला समुद्र नाही, म्हणून हिशेब बराचसा जुळतो. त्यांनी चित्र नीट पाहिलं, हे मान्य करायला हवं. मग म्हणाले, "नमुना उत्तर सगळीकडे गेलंय."

पाचापैकी तीन गुणांवर मिटलं. १०० लिहिणाऱ्यांचे पाच तसेच राहिले, आणि तेही मला गैर म्हणवत नाही. त्यांना शिकवलंच तेवढं. पुढच्या प्रश्नसंचासाठी मी नवा प्रश्न पाठवला: ५० किलोमीटरवर वारा ७० मीटर असेल, तर संवेगाचा किती भाग समुद्राने घेतला? तो 'अभ्यासक्रमाबाहेरचा' असा शेरा मारून परत आलाय. अक्षांश असलेला जुना प्रश्न संचात आहे.